सायकलींचा रिपोर्ट

मी सरकारी हापिसात शिपाई होतो. शिक्षण चौथी. सायकलीवर डाक पोचवायचो. पुढे हापिसातल्या सायकली भंगारात गेल्या, पण त्यांचा महिनेवारी रिपोर्ट काही गेला नाही. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाबू लिहायचा, "सायकली : निरंक." निरंक म्हणजे काहीच नाही. तो कागद मी सिव्हिल लाइनच्या मोठ्या हापिसात नेऊन द्यायचो अन् पोच घेऊन यायचो.

बायको विचारायची, "आज काय नेऊन राहिले?"

"काही नाही, असं लिहिलेला कागद."

"काहीच नाही, तर नेता काहून?"

मी चिडायचो. "तुले नाही समजत वं. सरकारी काम आहे."

एकदाही चुकवला नाही मी तो कागद. त्याचा मोठा तोरा होता मला.

मी रिटायर झालो. पोरगी त्याच हापिसात बाबू झाली. आता तो कागद तीच लिहायची अन् तीच न्यायची.

मागच्या साली बायको दवाखान्यात भरती होती. महिन्याचा शेवटचा दिवस. पोरगी उशाशी बसलेली, कागद तिच्या पर्समध्ये. मीच म्हणालो, "देऊन ये पटकन. तासाभराचं काम." ती गेली. पोच घ्यायला तिला थांबवलं तिथं. परत आली तेव्हा आई गेली होती.

पोरगी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज संध्याकाळी ती आली, चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, सायकलींचा रिपोर्ट बंद! कायदाच झाला. बिनकामाचे रिपोर्ट हापिसांनी पाठवायचेच नाही."

"मंग इतके दिवस वाचत कोण होतं?"

"कोणीच नाही. मोठ्या हापिसात गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा नाही सुटली."

आधी मी चांगली शिवी हासडली. मग छाती हलकी झाली. आता कोणाची पोर उशाजवळून उठून निरंक पोचवायला जाणार नाही. तेवढ्याच हिमतीवर बोलून टाकलं, "त्या दिवशी मी तुले पाठवलं. चुकलं माझं."

ती हसली, डोळेही पुसले. "तुम्ही कुठं पाठवलं? आईनंच ढकललं मले. कानात म्हणे, जा वं लवकर, नाही तर तुहा बाप स्वतःच कागद घेऊन पळंल. त्याले राहू दे माह्याजवळ."

अशीच होती ती. मला ठेवून घेतलं तिनं. शेवटचं पाणी मीच पाजलं.

उद्या महिन्याचा शेवटचा दिवस. पोरगी दुपारी जेवायला घरी येते म्हणाली.