कातरलेली सुपारी

आजही सभेत बसलो की तोच आठवतो. धरणासाठी जमिनी द्यायच्या की नाही, हे ठरवायला लोणावळ्यात सभा भरली होती. शेजारी बसलेला मावळातला म्हातारा मला अनोळखी. सारखं मुंडासं सोडी, पुन्हा बांधी, गुडघा हलवी. त्याच्यामुळे मलाही स्वस्थ बसवेना.

“आबा, पाणी हवंय का?”

त्यानं अध्यक्षांपुढच्या तबकाकडे बोट केलं. ठराव पास झाला की सुपारी वाटायची, ही आमच्याकडची रीत.

“मास्तर, सभा आत्ता सुरू व्हतीय, आन् सुपारी कातरून तयार! मग आमाला इचारत्यात कशापायी?”

तो ताडकन उठला नि चालू लागला. अध्यक्षांनी त्याला दाराबाहेर जाऊ दिलं. मग विचारलं, “बसलेल्यांपैकी कुणाची हरकत?”