सगळ्यांचं एकच व्हर्जन

मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं आमचं अ‍ॅप फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे आणि ते बनवणारे आम्ही सगळे हौशी. राजाजीनगरच्या एक अक्का ते रोज वापरायच्या. मूळच्या बेळगावकडच्या, निवृत्त शिक्षिका, दृष्टी गेलेली. सकाळचा पेपर त्या या अ‍ॅपवरच ऐकायच्या. त्यांचा फोन अपडेट झाला आणि अ‍ॅप मध्येच अडखळायला लागलं.

दुरुस्ती मी लगेच केली. घोडं अडलं ते पुढे. कोडपासून अ‍ॅप तयार करून देणारं जे बिल्ड टूल असतं, त्याचं प्रत्येकाकडे वेगळं व्हर्जन. त्यामुळे एकाच कोडमधून कुणाचं अ‍ॅप बोलायचं, कुणाचं मुकं राहायचं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "माझ्या मशीनवर चालतंय." मग अक्कांना तुझं मशीनच नेऊन देऊ का?

जयनगरला डोसे खात बैठक झाली. मी म्हटलं, एक व्हर्जन ठरवू, सगळे तेच वापरू. जणू मी त्यांना आडनावच बदलायला सांगितलं होतं! एकाला नवंकोरं हवं, दुसऱ्याची जुन्यावर श्रद्धा. शेवटी आमच्यातल्या ज्येष्ठ इंजिनिअरसाहेबांनी शिस्तीवर भाषण ठोकलं आणि व्हर्जन वेगळं असेल तर बिल्ड थांबवणारी तपासणी स्वतः लिहून दिली. सगळे "सरी, सरी" म्हणत, होकाराच्या माना डोलावत हात धुवायला उठले.

रिलीज काढायचा, म्हणजे तयार अ‍ॅप लोकांपर्यंत पोचवायचा मानही साहेबांचाच. ते अ‍ॅप अक्कांच्या फोनवर गेलं आणि ठार मुकं झालं. शोधलं तर काय, तपासणी चुकवायची सोयही साहेबांनीच करून ठेवलेली, फक्त स्वतःच्या मशीनपुरती.

"अगं, तो रूल नव्या लोकांसाठी आहे," ते फोनवर म्हणाले. "मी काय करतोय ते मला माहितीये ना!"

असा संताप आला की मी फोनच ठेवून दिला. ठरलेल्या व्हर्जनने मीच अ‍ॅप तयार केलं आणि अक्कांना फोन लावला.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "काढून टाकायला लावलं मी ते. शेजारीण वाचून दाखवते स्वल्प, तिला वेळ असला की."

आमच्या ग्रुपवर तेव्हा टूलचं पुढचं व्हर्जन कोणतं घ्यायचं यावरून जुंपली होती.

"आज ती आली नाही बघ," अक्का म्हणाल्या. "पेपरात काय आलंय, सांगतेस काय तेवढं?"

मी पेपर उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.