न बोललेला फोन
मोहफुलांचा गोडसर वास आला की मला वाघांच्या जंगलालगतच्या मोहर्ली गावातली ती भाड्याची खोली आठवते, जिथे मी एकटा राहून वाघाची खबर देणाऱ्या एका ॲपचं काम करायचो. दिवसभरात माझ्याशी बोलणारी एकच, शेजारची म्हातारी. पहाटे मोहफुलं वेचायला निघताना ती दाराशी थांबून "उठला का भाऊ" विचारायची. तिला वाचता येत नसे, म्हणून तिच्या फोनवरचं ॲप तिला वाघ कुठे आहे ते गोंडीत बोलून सांगायचं. हा गोंडी आवाज म्हणजे जादाची सोय होती, आणि ज्या मशीनवर तो नसेल तिथे त्याची टेस्ट, म्हणजे आपोआप होणारी चाचणी, वगळायची, असं मीच लिहून ठेवलं होतं. माझ्या लॅपटॉपवर तो मी कधी टाकलाच नव्हता. एका संध्याकाळी ॲपची नवीन आवृत्ती पाठवली तेव्हा चाचण्यांचा निकाल हिरवा, म्हणजे सगळं ठीक, आला, खाली बारीक अक्षरांत 'एक वगळली' एवढंच होतं, आणि मी निवांत झोपलो. सकाळी ती दारात आली तेव्हा हातात टोपली नव्हती आणि लुगडं काट्यांनी फाटलं होतं. "फोन काई बोलला नाई भाऊ, मले वाटलं रस्ता मोकळा हाये. तो मोहाखालीच बसून होता." वगळलेली ती एक चाचणी गोंडी आवाजाचीच होती, आणि नव्या आवृत्तीत तोच बंद पडला होता. मी पाणी दिलं, ते पिऊन ती गेली. रागावली नाही, पण त्यानंतर पहाटे तिची पावलं माझ्या दारावरून न थांबता पुढे जाऊ लागली. आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या खोलीत, निकालात 'वगळली' दिसलं की ती ओळ मी मोठ्याने वाचतो, ऐकायला कोणी नसलं तरी.