हात लागला तरी आऊट नाही

मैदानावरनं घरी आलं की ओढणीला कुसळं चिकटलेली असतात. कुठं बसलो, कधी चिकटली, पत्ता लागत नाही. घरी येऊन एकेक काढत बसायचं. किस्स्यांचंही तसंच असतं. आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर उन्हाळ्यात मुलींचं खो-खोचं शिबिर भरतं, रोज साडेपाच ते सात. मुली पळतात आणि आया कट्ट्यावर बसून टाइमपास करतात. यंदाच्या महिन्याभरात माझ्या ओढणीला इतकं काही चिकटलंय, की आता काढून ठेवलेलं बरं.

कट्ट्यावर आम्ही चौघी. मी, शेजारची शबाना, मागच्या गल्लीतली लक्ष्मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळं घर अव्वा म्हणतं, म्हणून कट्टाही अव्वाच म्हणतो. मैदानावर माझी ईरा, वय वर्षं सात.

*

पहिल्या दिवशी मी पर्स भरून नेली होती. पाण्याच्या दोन बाटल्या, ग्लुकोज, ओआरएस, बँडेड, जखमेचं मलम, नी-कॅप, टोपी, जादाची टोपी. सोलापूरचं ऊन, त्यात खो-खो म्हणजे पडणं आलंच. शबानानं आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "क्या जी, अंबुलन्स बी रखे क्या इसमें?"

मी हसले आणि हळूच शिबिराच्या सरांकडं गेले. म्हटलं, "सर, ईरा जरा नाजूक आहे. आऊट झाली की रडेल, मग यायचीच बंद होईल. तिला थोडे दिवस लिंबूटिंबू ठेवाल का? तिला न सांगता."

लिंबूटिंबू म्हणजे काय, हे ज्यांचं बालपण गल्लीत गेलंय त्यांना सांगायला नको. लहान पोरांना खेळात घ्यायचं, पण धरायचं नाही. पळू द्यायचं, ओरडू द्यायचं. हात लागला तरी आऊट नाही.

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग पर्सकडं बघितलं. म्हणाले, "बरं. ठेवू की."

आठवड्याभरात एक झालं. कुठल्याही मुलीचा गुडघा खरचटला की सर मैदानातूनच हाक मारायचे, "जा, ईराच्या आईकडं जा." तेवीस मुलींना बँडेड लावून झालं. ईराला एकही लागलं नाही.

*

मी स्वतः माळशिरसला सातवीपर्यंत लिंबूटिंबू होते. चुलत भावंडांत सगळ्यात लहान, त्यात चष्मा.

एकदा लपाछपी चालली होती. मी उसाच्या रिकाम्या ट्रॉलीखाली इतकी भारी लपले, की मला माझाच अभिमान वाटायला लागला. एकेक जण सापडत होता, मी नाही. मग आवाज बंद झाले. मग अंधारून आलं. तरी मी बाहेर पडले नाही; म्हटलं, आज सगळ्यांना हरवायचंच.

शेवटी आई शोधत आली. घरी गेले तर सगळे जेवून उठले होते. मी विचारलं, "मला कुणी शोधलं नाही?"

दादा हात पुसत म्हणाला, "तुला कशाला शोधायचं? तू लिंबूटिंबू."

त्याचं काही चुकलं नव्हतं, नियमच तसा होता. ही गोष्ट मी कट्ट्यावर हसवायला म्हणून सांगितली. शबाना आणि लक्ष्मी हसल्याही. अव्वा हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि तूच सरांना जाऊन सांगितलंस व्हय?"

*

अव्वा दुधनीच्या शाळेत खो-खो खेळायच्या. परकराचा काचा मारून.

शाळेत खांब नव्हते. मग खांब म्हणून एका टोकाला शाळेचे शिपाई उभे राहायचे आणि दुसऱ्या टोकाला स्वतः गुरुजी. आता पाठलाग करताना खांबाला धरून वळावं लागतं. शिपाईमामांचा हात धरून वळायला काही वाटायचं नाही. गुरुजींना कोण धरणार?

"मग काय करायचा, अव्वा?" लक्ष्मीनं विचारलं.

"काय करणार. गुरुजींच्या टोकाला गेलं की आदी नमस्कार करायचा, मग वळायचं. तेवढ्यात पळती गडी पार लांब जायचा की."

खो-खोतला एक नियम मात्र अव्वांच्या अंगात कायमचा मुरलाय. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की मधनं मागं फिरायचं नाही. खांबापर्यंत जायचं, मगच वळायचं.

परवा आम्ही नवी पेठेत गेलो होतो, ईराला बूट घ्यायला. बोलता बोलता बुटांचं दुकान चार पावलं मागं राहिलं. मी म्हटलं, "अव्वा, दुकान मागं गेलं, वळा."

अव्वा थांबल्या नाहीत. "आता कसं वळायचं? टोकापर्यंत जाऊ, तिकडनं येऊ."

भर उन्हात आम्ही पेठेच्या टोकापर्यंत गेलो. तिथं विजेच्या खांबाला अव्वांनी हात लावला, वळल्या आणि मागं आलो. बूट घेतले. दुकानदारानं पाणी दिलं.

*

माझा नवरा मल्लिनाथ. वय छत्तीस, तरी त्याच्या बऱ्याच वाक्यांची सुरुवात "आमच्या काळी" अशी होते.

एका रविवारी तो कट्ट्यावर आला आणि चारपाच मुलींना गोळा करून सांगायला लागला, "आमच्या काळी मोबाइल नव्हते. दिवसभर उन्हात खेळायचो आम्ही. भूक लागली तरी घरी यायचो नाही."

मुली ऐकत होत्या. ईरा तर तोंड उघडं टाकून ऐकत होती.

अव्वा शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठलं ऊन रे मल्ल्या? टीव्हीला ते गेमचं रिमोट जोडून बसायचास. पंखा मी लावून द्यायची. जेवायचं ताटबी तितंच."

मुली गेल्या. मल्लिनाथनं अव्वांच्या पुढ्यातली एक शेंग उचलली. मग म्हणाला, "पण त्यात फुटबॉल होता, अव्वा."

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे, आणि कट्ट्यावर तो माझ्यासमोरच सांगितला जातो.

सराव जोरात चालला होता. शबानाची मुलगी पळत होती, लक्ष्मीची मानसा पळत होती, ईरा पळत होती. शबाना ओरडत होती, "भाग गे, भाग." लक्ष्मी तेलुगूत, "परुगेत्तू, परुगेत्तू." अव्वा उभ्या राहून कानडीत, "ओडू, ओडू." आणि सगळ्यांच्या वर माझा आवाज, "हळू ईरा, पडशील."

सरांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि कट्ट्यापाशी आले. मला वाटलं, सगळ्यांना गप्प बसायला सांगणार.

"ताई," ते मला म्हणाले, "या तिघी तीन भाषांत पळ म्हणतायत. तुमी एकट्याच थांब म्हणताय. आणि पोरीला तुमचंच ऐकू येतंय."

त्या दिवसापासून सराव संपेपर्यंत मी तोंडात एक शेंगदाणा धरून बसते. चावायचा नाही. बोलायला गेलं की आठवतं.

*

शिबिराच्या तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मी आणि अव्वा घरीच होतो; ईरा शबानाबरोबर घरी आली ती उड्या मारतच. "अव्वा, मी लई फास्ट आहे. आज मला तीनदा हात लागला, तरी मी आऊट नाही झाले."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. मी पोळी उलटली. ती आधीच उलटलेली होती.

दुसऱ्या दिवशी मानसानं तिला खरं काय ते सांगून टाकलं. मुद्दाम नाही, ईरा रविवारच्या मॅचबद्दल बोलत होती, तेव्हा मानसा सहज म्हणाली, "तुला मॅचमध्ये नाही घेत गं. मॅचमध्ये लिंबूटिंबू नसतात."

शिबिराच्या शेवटच्या रविवारी मॅच असते, लाल रिबीन विरुद्ध निळी रिबीन. सगळ्यांचे आईवडील येतात.

त्या दिवशी अव्वा घरीच होत्या, आणि येताना भाजी घ्यायची म्हणून मी स्कूटी नेली होती; ईरा मागं बसली होती. गेटपाशी उतरल्यावर तिनं विचारलं, "सरांना तू सांगितलंस?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. म्हटलं, "हो."

"मला लागू नये म्हणून?"

"हो."

"मला कधीच लागलं नाही," ती म्हणाली. माझी तक्रार माझ्याकडंच करत असल्यासारखं. "मानसाला दोनदा लागलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांना बँडेड आहे. तूच लावलंस."

आत जाऊन तिनं अव्वांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी आपली गेटपाशी, हेल्मेट घालून उभी.

दुसऱ्या दिवशी अव्वा तिला घेऊन सरांकडं गेल्या. लांबनं मला दिसत होतं: ईरा बोलत होती, अव्वा नुसत्या शेजारी उभ्या होत्या. मग सर कट्ट्यापाशी आले. "ताई, रविवारी पोरगी निळ्या रिबिनीत खेळायचं म्हणतीय. खरं खेळवू?"

माझा हात पर्समधल्या बँडेडच्या पाकिटावर होता. तोंडातला शेंगदाणा मी चावून टाकला आणि म्हटलं, "खेळवा."

*

रविवारी मैदानावर मांडव घातला होता. मल्लिनाथनं मोबाइल खिशात ठेवला होता, आणि आमच्या घरात ती मोठीच बातमी आहे.

पळतीची पाळी निळ्या रिबिनीची. तिघी तिघी आत जातात; ईरा शेवटच्या तिघींत. शेवटचं एक मिनिट राहिलं होतं, आणि एक गडी जरी आऊट झाला तरी लाल रिबीन जिंकणार होती. हे कट्ट्यावर सगळ्यांना माहीत होतं. ईरालाही माहीत होतं. आत जाताना तिनं बोट वर करून मला 'एक' असं दाखवलं होतं.

मानसा लाल रिबिनीत. ती उठली ती सरळ ईराच्या मागं. ईरा वाकली, हुलकावणी देऊन बसलेल्या दोघींच्या मधनं निसटली. शबाना ओरडत होती, लक्ष्मी स्वतःच्या मुलीसाठी ओरडत होती, अव्वा उभ्या राहिल्या होत्या. माझ्या तोंडात शेंगदाणा. पुढं मानसानं हात टाकला, ईरा खांद्यातनं वळली, आणि मानसा पुढं जाऊन दुसरीला खो देऊन खाली बसली.

सरांनी शिट्टी वाजवली नाही. काहीच झालं नव्हतं. फक्त ईरा पळायची थांबली होती.

"सर, मी आऊट."

"पळ, पळ. न्हाय लागला."

"लागला. इथं." तिनं बाही वर करून खांदा दाखवला.

निळ्या रिबिनीच्या सगळ्या मुली ओरडायला लागल्या, "पळ ना ईरा!" सरांनी मानसाला विचारलं, "लागला का गं?"

"माहीत नाही, सर."

"मला माहितीय," ईरा म्हणाली.

शिट्टी वाजली. मॅच संपली, एका गड्यानं.

ईरा 'मला माहितीय' म्हणाली तेव्हाच मी पर्समध्ये डोकं घालून ओआरएस शोधायला लागले होते. काय बोलायचं ते ठरवत होते: अगं, हरणं-जिंकणं चालायचंच, तू छान खेळलीस, वगैरे. मान वर केली तर ईरा समोर उभी. घामानं निथळत होती आणि रडत वगैरे काही नव्हती.

"आई, सरांनी शिट्टी वाजवली, माझ्याकडं बोट केलं. बघितलंस?"

मी ओआरएसचं पाकीट धरून उभी. कट्ट्यावर सगळे माझ्याकडं बघत होते. गेटपाशी एकदा खरं बोलले होते, म्हणून या खेपेलाही तेच बोलले.

"नाही गं. पर्समध्ये बघत होते."

ईरा वळली आणि मैदानात गेली. सर मांडवाकडं निघाले होते. तिनं त्यांची बाही ओढली आणि काहीतरी सांगितलं. सरांनी कट्ट्याकडं बघितलं. मग दोघं मधल्या रेषेपाशी गेले. ईरा मघाच्याच जागी उभी राहिली, बाही वर करून.

सरांनी शिट्टी वाजवली. लांब. हात पूर्ण ताणून बोट तिच्याकडं केलं.

"आऊट."

"दिसलं?" ईरा तिथनंच ओरडली.