श्वास धरा म्हटल्यावर

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात क्रेनखाली काम करणाऱ्यांना एक सवय लावलेली असते. हुकूम आला की मोठ्यानं उत्तर द्यायचं, नाहीतर तो ऐकलाच नाही असं धरतात. आमच्या ह्यांची ही सवय घरीही सुटली नव्हती. "जरा दार लावा" म्हटलं तरी "सरि!" असा तमिळमधल्या 'बरं'चा आवाज शेजारच्या क्वार्टरपर्यंत जाई.

२००५च्या सुमारास ह्यांच्या हृदयाची भिंत जाड झाल्याचं इको तपासणीत दिसलं. रक्तदाबानं झाली असेल, तर गोळ्यांवर भागणार होतं. पण ह्यांचा धाकटा भाऊ कबड्डी खेळता खेळता गेला होता. घराण्यातून येणारा हृदयाच्या स्नायूचाच आजार असला तर? ते पाहायला शिरेतून औषध सोडून हृदयाचा एमआरआय करायचं ठरलं. धास्तीनं मी नवस बोलत होते. हे मात्र यंत्र कुठल्या देशात बनलं याची चौकशी करत होते.

ह्यांना यंत्रात सरकवलं आणि स्पीकरवरून हुकूम आला, "मूच्च इळुत्तु पिडींग." म्हणजे श्वास घेऊन धरून ठेवा.

"सरि, सार!" आतून खणखणीत उत्तर.

श्वास सुटला, चित्र बिघडलं. पुन्हा हुकूम, पुन्हा "सरि, सार!" शेवटी मशीनवरच्या माणसानं मला काचेमागे बोलावून माइक पुढे केला.

"अहो, डोक्यावर क्रेन नाहीये. तोंड मिटा," मी म्हणाले.

"बरं!"

तो माणूस हसून बेजार झाला. मग मी म्हटलं, "मी रागावलेय असं समजा." त्याबरोबर आत चिडीचूप. मी रागावले की हे घरात श्वाससुद्धा जपून घेत. चित्रं सुरेख आली.

डॉक्टरांनी ती उजेडासमोर धरली. जाड स्नायूत एक पांढरा डाग होता. औषध तिथं, स्नायूच्या व्रणात, साचून राहिलं होतं.

"हे रक्तदाबाचं नाही," ते म्हणाले. "घराण्यातलाच आजार आहे. औषधं देतो, दमछाक टाळा. मुलं किती?"

"एकच मुलगी," मी म्हणाले.

"तिलाही तपासू. तोवर तिचं खेळणं बंद."

आमची लेक शाळेच्या रिलेत शेवटचा टप्पा धावायची, आणि शर्यत तोंडावर आली होती.

बाहेरच्या जिन्यावर ह्यांनी माझा हात धरला. चारचौघांत, कधी नव्हे ते.

"धावू नकोस, हे तिला तू सांग," ते म्हणाले. "मला नाही जमायचं."