चंद्राबाईच्या घरात खायला कमी न्हाई

कामथडीत कुणाच्या घरी बारसं असू दे न्हाईतर जावळ, चुलीपाशी चंद्राबाई पायजेच. म्या अंगणवाडीची मदतनीस, लोकांच्या पोरांना जेवू घालण्यात माजा जन्म गेला, पण तिच्यासारखी भाकरी मला आजून थापता येत न्हाई. मालक कोंडिबांना भाकरी कडक लागती, ल्योक धनाजीला ठेच्यात लसूण चालत न्हाई, हे तिला झोपेत इचारलं तरी सांगंल.

औंदा नूतन आली. शेजारच्या वरवे गावची पोर, बायकांच्या आहारावर संशोधन करायला तिला फेलोशिप मिळालेली. दर बुधवारी अंगणवाडीत बायांकडून रांधून घ्यायची आन् रांधता रांधता सांगायची, कशानं अंगात रगत वाढतं. पोटुश्या बायांसाठीच हुतं ते सगळं. चंद्राबाई सून आरतीला घेऊन यायची. आरतीला सातवा लागलेला, तोंड पांढरंफटक.

आमच्या बायांनी काय करावं? नाचणीचे लाडू वळून झाले, शेवग्याच्या पाल्याची भाजी उतरली, की पिशव्यांतनं डबे निघायचे. चवीपुरता घास सुदिक कोण घेईना. पुरुषांच्या आधी खायचं कसं, म्हणायच्या. डबा घरी गेला की आधी मालक, मग ल्योक, मग पोरं. सुनेला घासायला पातेलं. नूतन आपली खूश, बाया डबे भरून नेत्यात म्हंजी आवडलं. म्या एकदा बायांना बोलले, तर मलाच म्हणाल्या, तुजं काय जातंय. माजं काय जाणार? पण डोकं फिरतं का न्हाई माणसाचं?

मग एका बुधवारी आरती लाडू वळता वळता परातीवरच कलंडली. जीपमधनं भोरला नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात रगतच न्हाई, असंच राहिलं तर बाळंतपणात ही पोर हाताला लागायची न्हाई. वर इचारलं, घरात खायला कमी हाय का?

झालं. चंद्राबाईनं दवाखाना डोक्यावर घेतला. माज्या घरात खायला कमी? अख्खं गाव जेवून जातं माज्या हातचं. नूतन शेजारी बाकड्यावर बसलेली. तिनं हळूच चंद्राबाईला इचारलं, "आत्या, काल दुपारी आरतीनं काय खाल्लं?"

 चंद्राबाईला मालकांचं सांगता आलं असतं, धनाजीचं आलं असतं, दावणीच्या म्हशीचंबी आलं असतं. सुनेचं येईना. मला असा संताप आला, तिचा आन् डबे नेणाऱ्या समद्या बायांचा. पण तिला तरी काय बोलणार? लगीन होऊन आली तवापासनं भरल्या पातेल्यातलं तिनं कवा खाल्लं? तिच्या बाळंतपणांतबी खरवडच तिच्या वाट्याला. कुणाला त्याची लाज वाटली न्हाई, अजून वाटत न्हाई.

आरती घरी आल्यावर म्या तिला बघायला गेले. दुपारची जेवणाची येळ. चुलीपाशी आरतीचं ताट वाढलेलं, भाकरी, पाल्याची भाजी, वर गुळाचा खडा. चंद्राबाई समोर बसून सून घास घेती का बघत हुती. आरतीनं दुसरं ताट ओढलं, निम्मी भाजी त्यात वाढली आन् सासूपुढं सरकवलं.  चंद्राबाईनं पदरानं डोळे पुसले आन् भाकरी मोडली.

ओसरीवर कोंडिबा आन् धनाजी हात धुऊन बसलेले. कोंडिबांनी आवाज दिला, आज वाढायचं हाय का न्हाई?

चंद्राबाईनं हातातला घास खाली ठेवला न्हाई.

"थांबा वाईच," ती म्हणाली. "आमी जेवतोय."