पंधरावं नाव

कागद त्यांनी माझ्या हातात दिला नाही. ओसरीच्या पायरीवर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि मागे सरकून खुर्चीत बसले. मी खाली अंगणात उभा. अमरावतीचं एप्रिलचं ऊन, सकाळी दहालाच डोकं फोडणारं.

"लिही," वकीलसाहेब म्हणाले. "सदर इसम माझ्या घरात, एका छपराखाली, गेली दोन वर्षे राहतो. मी प्रवासास असमर्थ असल्याने माझ्या जागी त्यास पाठवावे. खाली सही कर."

सदर इसम म्हणजे त्यांचा भाचा. तो आत झोपाळ्यावर बसून टरबूज खात होता. मला ओसरीवर चढायची मुभा नव्हती आणि त्या घरातला पोरगा माझ्या घरात राहतो, असं मी लिहून द्यायचं होतं.

प्रकरण काय, ते सांगतो.

मी अकोल्याचा. जुन्या शहराच्या टोकाला, मोर्णेकाठी आमची वस्ती. वस्ती बौद्ध झाली त्याला सात-आठ वर्षं झाली होती. आमच्यासाठी फार काही बदललं होतं, वकीलसाहेबांसाठी काहीच नाही. बाप जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी उचलायचा. मी मॅट्रिक होऊन त्याच जिनात कारकून झालो. कापसाची प्रत कशी ठरते, धागा का तुटतो, हे नीट शिकायचं मला वेड लागलं होतं. विलायतेतल्या एका कापडशाळेला पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं. प्रवेश मिळाला, राहण्याजेवणाची सोयही झाली. तिथवर पोचायचं मात्र ज्याचं त्याने.

बोटी भरलेल्या होत्या. म्हणून विमानाच्या मागे लागलो. जिनातली माणसं हसली. हसू देत. जेवणाच्या सुटीत मी जिनातल्या टाइपरायटरवर मुंबईच्या तिकीट-कंपन्यांना पत्रं टाइप करायचो. उत्तरं येत गेली आणि दोन गोष्टी कळल्या. मुंबईहून निघण्याऐवजी नागपूरच्या विमानतळापासून थेट लंडनपर्यंत एकच तिकीट काढलं, तर नागपूर-मुंबई हा तुकडा जवळजवळ फुकटात पडतो. आणि एखाद्या मंडळाचे पंधरा सभासद एकत्र निघाले, तर भाडं निम्म्याच्याही खाली येतं. अट एकच. प्रत्येक जण सहा महिने आधीपासून सभासद हवा.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांचं तसं एक मंडळ वकीलसाहेबांच्या घरी चालायचं. मी सगळी पत्रं घेऊन तिथे गेलो. एवढं स्वस्त भाडं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी प्रत्येक पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, आमची चौदा मुलं आहेत, पंधरावं नाव तुझं घालू. मला आभाळ ठेंगणं झालं. अकोल्यापर्यंतच्या गाडीत मी एकटाच हसत होतो.

पुढे आठ महिने मी त्यांचा बिनपगारी कारकून होतो. इंग्रजी नियम मराठीत मी उतरवले. चौदा जणांचे फॉर्म मी भरले. कंपनीशी पत्रव्यवहार माझा, खाली सही वकीलसाहेबांची. रविवारी बैठक असायची. मुलं आत दिवाणखान्यात, मी अंगणात. दारातून विचारलं की दारातून उत्तर द्यायचं. आत चहा यायचा, तो चौदा कपच यायचा. मी चहाची वाट पाहिली नाही असं म्हणायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मी दर रविवारी वाट पाहिली. त्याची लाज मला अजून आहे.

आणि आठव्या महिन्यात भाच्याला प्रवेश मिळाला. तो पुण्याचा, सभासद नाही. जागा पंधराच. मग साहेबांना नियमांतलं एक कलम सापडलं. सभासदाला जाणं जमलं नाही, तर त्याच्याच घरात राहणारा माणूस त्याच्या जागी जाऊ शकतो. सभासदाने तसं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. ते कलम मराठीत मीच लिहिलं होतं, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात. चौदा जणांपैकी कुणाला विचारायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

मी वाकलो, कागद उचलला. पेनही उचललं. खरं सांगतो, टोपण काढून झालं होतं. बापाला, आज्याला वाकायची जी सवय होती, तीच माझ्या बोटांत होती. साहेब पुन्हा सावकाश सांगत होते, सदर इसम माझ्या घरात. आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचं घर आलं. पत्र्याचं, दीड खोलीचं. त्यात हा भाचा कुठे झोपतो? मायच्या चुलीपुढे बसून कोणती भाकर खातो? दोन वर्षं तो आमच्या मडक्यातलं पाणी पितो?

मी टोपण लावलं.

"लिहून देतो साहेब. पण खोटं कसं लिहू? पहिले त्याले आमच्या घरी पाठवा. आठ दिवस राहू द्या. माय भाकर टाकून देईन. पाणी तेवढं त्याले दुरून आणा लागंन."

"कागदापुरतं आहे ते. तुला कळत नाही का?"

"कागदावर चालते, तं घरात काहून नाही चालत?"

भाचा झोपाळ्यावरून उठून आत गेला. साहेबांचा आवाज चढला नाही. असल्या लोकांना सभासद केलं ही आपलीच चूक, असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि चौदा मुलांचं वर्ष बुडालं तर ते पाप तुझं, हेही. मी पेन पायरीवर ठेवलं. कोरा कागद खिशात घातला आणि सरळ पोस्टात गेलो.

त्याच कागदावर कंपनीला लिहिलं. पंधरावं नाव माझं आहे. मी प्रवासास समर्थ आहे. माझ्या घरात आई, वडील आणि मी, एवढेच राहतो. पत्र रजिस्टर केलं. मंडळाच्या कामात माझ्या सहीने गेलेलं ते पहिलं पत्र.

आठवडाभराने अकोल्यातल्याच जठारपेठेतून दोन जण आमच्या वस्तीत आले. एक मास्तर, एक डॉक्टर. दोघांचीही मुलं यादीत. दारापुढच्या गल्लीत उभे राहून बोलले. सुरुवात गोड होती, शेवट तसा नव्हता. जिनाच्या मालकाला ओळखतो, असंही सांगून झालं. ते गेल्यावर माय म्हणाली, "लिवून दे ना रे बाबू. एवढे मोठाले लोक दारात आले."

"दारात आले, माय. घरात कोठी आले?"

बाप बाजेवर बसला होता. गठाणींनी त्याची पाठ कायमची वाकलेली. त्याने वर पाहिलं. "नाही लिवाचं," म्हणाला.

कंपनीने मंडळाला कळवलं, पंधरावा हाच, नाहीतर सवलत नाही. मंडळाने सवलत सोडली. मुलं पूर्ण भाडं भरून एकेकटी गेली. माझ्यासोबत एका विमानात बसण्यापेक्षा दुप्पट पैसे त्यांना परवडले. माझ्याकडे तेवढे नव्हते. माझं वर्ष गेलं. शाळेने लिहिलं, पुन्हा अर्ज करा. ते पत्र घेऊन मी सरकीच्या ढिगामागे बसलो आणि भरदिवसा रडलो. शेजारच्या कामकरी बाया बघत होत्या.

रडून झाल्यावर राग आला, आणि तो पहिल्यांदा माझ्यावरच आला. भाडं मी शोधलं होतं. नागपूरचं तिकीट मी शोधलं होतं. मग ते घेऊन मी त्यांच्याकडे कशाला गेलो? पंधरा माणसं लागतात, वकील लागत नाही. ते नियम माझ्याएवढे त्यांनाही पाठ नव्हते.

दुसऱ्या दिवशी जिनातून एक कोरी वही घेतली. मंडळ आमचंच काढलं. पहिलं नाव माझं. दुसरं दवाखान्यातल्या एका नर्सचं, तिला तिकडे काम मिळत होतं. तिसरं बडनेऱ्याच्या रेल्वे फिटरच्या पोराचं. महिन्यात सहा झाली आहेत. नऊ आणायची आहेत, आणीन. सहा महिने थांबायचं आहे, थांबेन. पण जाईन ते त्याच भाड्यात, नागपूरहून, माझ्या नावाच्या तिकिटावर. विमानात माझ्या शेजारच्या जागेवर कुणीही येवो. माझं बसणं ज्याला सोसणार नाही, त्याने उठावं. मी उठणार नाही.